सराफ्यातल्या रात्री – इंदूरचे तुमचे अनुभव लिहा

ओसरीवरची

काल दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा स्टीलचा डबा खाली काढला. झाकण उघडलं आणि सटासट तीन शिंका. आत जीरावन मसाल्याची पुडी. वर बांधलेलं रबर वितळून कागदाला चिकटलेलं. आईनं कधी आणून ठेवली होती देव जाणे. आमचूर, काळं मीठ, हिंग, भाजलेलं जिरं, सगळं एकदम नाकात गेलं आणि मी स्टुलावर बसल्या बसल्या इंदूरला पोचले.

माझं आजोळ इंदूरचं, रामबागेतलं. मे महिन्यात आम्ही मावस-मामे भावंडं धरून अकरा जण. आजी कडक. बाहेरचं खाणं म्हणजे आजारपणाला अक्षता देणं. घरात खायला कशाची कमी नव्हती, पण ते सगळं तिच्या हातचं, तिच्या वेळेला आणि पाटावर बसून. आजोबा तिच्यासमोर 'हो' म्हणायचे आणि रात्री साडेनऊला अंगणात जाऊन दोनदा खाकरायचे. तो आमचा इशारा. गच्चीवर अंथरुणं टाकलेली असायची, त्यातून आम्ही मोठी चार-पाच जणं उठून, चपला हातात घेऊन जिन्यानं खाली. मग कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून चालत राजवाडा आणि राजवाड्याच्या मागे सराफा.

दिवसा आईबरोबर त्याच गल्लीत गेलं की नुसती सोन्याचांदीची दुकानं. मावशीच्या लग्नाचं मंगळसूत्र तिथलंच. रात्री त्याच दुकानांची शटरं खाली आणि शटरापुढच्या ओट्यांवर कढया, परातीएवढे तवे, दुधाची पातेली. मला लहानपणी खरंच वाटायचं की ही दोन वेगळी गावं आहेत.

आजोबा आम्हाला दहीवडा घेऊन द्यायचे आणि स्वतः गराडू, म्हणजे तळलेला कंद, घ्यायचे. उभ्यानं. पानाचा द्रोण तळहातावर धरून, लिंबू पिळून, एकेक फोड फुंकत. घरी पाट असल्याशिवाय न जेवणारा माणूस! दाढेखाली गराडू कुरकुरला की डोळे मिटायचे. परतताना सगळ्यांना पान, म्हणजे तोंडाला वास नको. आणि घरी आल्यावर आजी जागीच.

तुम्ही गेला असाल तर लिहा. इंदूरकरांनी तर लिहाच. पदार्थ, माणसं, फजिती, काहीही चालेल.

रतलामी_लवंग

पयली!! 😀
पुडी टाकू नका हो. चाळून घ्या, कढईत जरा गरम करा, चालतंय. आमच्याकडे जीरावन खराब होत नसतं, संपत असतं.

लिंबूटिंबू

जागा पकडून ठेवतो. पोरांना शाळेतून आणून लिहितो.

सराफपुत्र

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजतो. आमचं दुकान सराफ्यात, आजोबांपासून. म्हणजे तुम्ही ज्या शटराला पाठ टेकून रबडी खाता त्या शटराच्या आतले आम्ही.

संध्याकाळचा कार्यक्रम ठरलेला. आठ-साडेआठला गिऱ्हाईक कमी झालं की वडील ट्रे आत घ्यायला लागायचे, तिजोरी, मग देवापुढे उदबत्ती, मग शटर. शटर अर्धं खाली येतं न येतं तोच आमच्या ओट्यावरचा खाऊवाला भिया शेगडी घेऊन हजर. "सेठ, पाय उचला जरा." वडिलांची चप्पल अजून आत असायची आणि ओट्यावर पाण्याचा शिपका पडलेला असायचा. कुलूप लावणारा आणि भट्टी पेटवणारा एकमेकांना रोज राम राम करत. सकाळी उलटं: आम्ही पोचायच्या आत ओटा धुऊन लख्ख. तरी तुपाचा वास राहायचाच. आई म्हणायची, आपल्याकडचा दागिना डोळे मिटून ओळखेन, त्याला जिलेबीचा वास येतो.

जुनी माणसं सांगतात की सराफांनीच खाऊवाल्यांना बसू दिलं, रात्री गजबज राहिली तर चोरांची हिंमत होत नाही. मी लहानपणापासून हेच ऐकत आलोय आणि मला पटतं. दोन वाजेपर्यंत माणसं उभी असतील तर कुलूप कोण फोडणार?

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. ही गल्ली झोपते रात्री दोन-अडीचला आणि उठते पहाटे. खाऊवाले गेले, झाडू यायच्या आधी काही माणसं यायची. हातात लोखंडी ब्रश आणि घमेलं. दुकानांसमोरची धूळ, गटाराच्या कडेची माती खरवडून भरून न्यायची. ती माती धुऊन, गाळून त्यातून सोन्याचा कण काढायचा. आजोबा त्यांना झारेकरी म्हणायचे, बाजारात न्यारिये म्हणतात. लहानपणी एकदा वडिलांबरोबर पहाटेच्या गाडीला जाताना मी बघितलं, एक म्हातारा आमच्या पायरीच्या सांध्यातून सुई घालून धूळ काढत होता. मी विचारलं, यात काय सापडतं? म्हणाला, "सोना भी, और सेव भी."

बाकी नंतर. गिऱ्हाईक आलं.

अवंती

@सराफपुत्र, 'सोना भी और सेव भी' 😂😂 गोंदवून घेते.

चौथी_पोळी

मी पुणेकर. ऑफिसच्या कामाला इंदूरला गेले होते, सहकारी तिथला मराठी, लोकमान्यनगरचा. म्हणाला घरी जेवायलाच ये. गेले. त्याच्या आईनं पुरणपोळी, कटाची आमटी, भात, दोन भाज्या. मला वाटलं एवढा पाहुणचार म्हणजे आजचा दिवस संपला. नको नको म्हणत चौथी पोळी खाल्ली (हे नाव तिथलंच). हात धुतेय तोवर काका शर्ट बदलून उभे. "चला, आता सराफ्याला."

मी म्हटलं काका, आत्ताच तर जेवलो. तर म्हणे "ते जेवण होतं. हे फिरणं आहे."

फिरणं! पहिल्या पंधरा मिनिटांत भुट्ट्याचा कीस आणि खोपरा पॅटिस. खोपरा पॅटिस म्हणजे बाहेरून बटाटा, आत ओल्या नारळाचं सारण, तळलेलं. मी अर्धं खाऊन पर्समध्ये टिशूत गुंडाळून ठेवलं, काकांना वाईट वाटू नये म्हणून. मग जोशींचा दहीवडा. लोक खायला कमी आणि बघायला जास्त उभे असतात तिथे. दह्यानं भरलेला द्रोण वर फेकला, झेलला, एक थेंब खाली नाही. आणि मग एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकापाठोपाठ सोडायचे, प्रत्येकाची वेगळी रेघ. मी इंजिनिअर आहे, मला अजून कळलं नाही.

त्यानंतर जलेबा. जिलेबी नाही, जलेबा. पाव किलोच्या आसपासचा एकच नग. काका म्हणे एकच घेऊ, पाच जणांत. तो पाच जणांत संपला नाही.

हॉटेलवर येऊन रात्रभर बसून झोपले. आडवं होणं शक्यच नव्हतं. सकाळी पर्समधून नारळाचा वास. लॅपटॉपच्या चार्जरला तूप.

म्हणून नवीन जाणाऱ्यांना एकच सांगणे: कुणी इंदूरकर 'आधी घरी जेवायला या' म्हणाला तर दुपारपासून काही खाऊ नका.

सांडगी_मिरची

मी परवाच पोहे केले इंदुरी पद्धतीनं, घरच्यांनी तोंडं वाकडी केली. गोड लागतात म्हणे.

रतलामी_लवंग

गोड लागतात कारण बडीशेप आणि साखर असते. आणि फोडणीत परतत बसायचे नाहीत. भिजवून हळद-मीठ-साखर लावून वाफेवर ठेवायचे, खाली उकळतं पाणी. वरून शेव, कांदा, लिंबू, जीरावन. डाळिंबाचे दाणे असले तर.

चौथी_पोळी

कांदा वरून कच्चा? फोडणीत नाही? मग ते कांदेपोहे कसे?

रतलामी_लवंग

कोण म्हणालं कांदेपोहे? पोहे.

सांडगी_मिरची

मुलगी बघायला काय देता मग 😜

मु_पो_देवास

पोहे-जिलेबी. मुलगी आवडली नाही तरी माणूस खाऊन जातो.

चौथी_पोळी

जिलेबी पोह्यांबरोबर?? एकाच घासात???

रतलामी_लवंग

ताई तुम्ही चार पुरणपोळ्यांवर जलेबा खाल्लाय, तुम्ही हे विचारू नये.

मु_पो_देवास

पोह्यांचं चालू द्या. माझी शंका वेगळी. @ओसरीवरची, मे महिन्यात गराडू? गराडू थंडीतला कंद. कोनफळाचा भाऊ म्हणा. देवउठनी (कार्तिकी) एकादशीच्या आसपास यायला लागतो आणि होळीपर्यंत गायब. एकदा तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की फोडी परत तुपात-तेलात कडकडीत, वर मसाला न् लिंबू. पण मे महिन्यात मी तरी कधी पाहिला नाही. उन्हाळ्यात शिकंजी खरी. (ती लिंबाची नव्हे हो, इंदूरची शिकंजी दुधाची, दाट, केशर-सुकामेव्याची. मुंबईचे पाहुणे 'लिंबू कमी आहे' म्हणून तक्रार करतात.)

ओसरीवरची

@मु_पो_देवास, अरेच्चा. मला तर गच्चीवरची अंथरुणं आणि गराडू दोन्ही लख्ख आठवतंय. आईला विचारते.

खंडवा_जंक्शन

टाइप करायला वेळ लागतो, नातू हसतो, तरी लिहितो. वय ७८.

आम्ही नाशिकचे. बहीण इंदूरला दिलेली. त्या काळी थेट गाडी पकडण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्या गाडीनं खंडव्यापर्यंत, तिथे उतरून सामान डोक्यावर, मग छोटी गाडी, मीटर गेज. होळकरांच्या काळातली ही लाइन. घाटात इंजिन धापा टाकायचं आणि खिडकीतून कोळशाचे कण डोळ्यात. कालाकुंड स्टेशन आलं की सगळा डबा दाराशी. पळसाच्या पानावर कलाकंद. गाडी तिथे थांबायची ती इंजिनासाठी, आम्हाला वाटायचं कलाकंदासाठी. पुढे पाताळपाणीचा धबधबा, पावसाळ्यात गेलं तर दारात उभं राहून बघायचा. आईनं शर्टाची कॉलर धरलेली.

मेव्हणे बँकेत. अबोल माणूस. माझ्याशी आठ दिवसांत आठ वाक्यं बोलले असतील. पण शेवटच्या रात्री म्हणाले "चल". सराफ्यात नेलं. तेव्हा एवढी गर्दी नसे, दिवे पण एवढे नसत. रबडीवाल्यापुढे उभे राहिले, दोन कुल्हड घेतले आणि बोलायला लागले. बँकेतलं राजकारण, माझ्या बहिणीचं दुखणं, त्यांच्या वडिलांचं कर्ज, सगळं. मी एकोणीस वर्षांचा, काय बोलणार, रबडी खात ऐकत होतो. कुल्हड रिकामा झाला की अजून एक. तीन झाले. मग बोलायचं थांबले, पैसे दिले, घरी आलो. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर पुन्हा अबोल. गाडी हलली तेव्हा म्हणाले "ताईला सांगू नकोस." काय सांगू नको, रबडी की कर्ज, ते मला आजवर कळलेलं नाही. दोघंही आता नाहीत. म्हणून सांगून टाकलं.

अवंती

काका, किती सुंदर लिहिलंत. नातवाला सांगा हसू नको.

लिंबूटिंबू

खंडवा काका 🙏 मी तीच छोटी लाइन बंद व्हायच्या आधी मुद्दाम गेलो होतो. कलाकंद अजून मिळत होता.
माझा अनुभव संध्याकाळी लिहितो, आत्ता पोरगं आजारी पडलंय, उलट्या.

सांडगी_मिरची

अरे, काय खाल्लं? साळीच्या लाह्यांचं पाणी दे थोडं थोडं. मीठ-साखर घालून. उतार नाही पडला तर रात्रीची वाट न बघता डॉक्टर गाठ.

डेट्रॉइटची_दुर्गा

जळजळ होतेय वाचून. इथे बर्फ पडायला सुरुवात होईल आणि मी भुट्ट्याच्या किसाचे फोटो बघतेय.

दोनदा केला मी. स्वीटकॉर्नचा. किसला तर पाणीच पाणी, दूध घातल्यावर पायसम झालं. नवरा म्हणाला "मक्याचा उपमा छान झालाय." मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. इंदूरकरांनो, नीट सांगा ना कसा करायचा. आजेसासूबाई होत्या तोवर विचारलं नाही, आता कोण सांगणार.

मु_पो_देवास

पहिली चूक स्वीटकॉर्न. देशी मका पाहिजे, पांढरा, आणि कोवळा पण अगदी दुधाळ नाही, नख टोचलं तर दाण्यातून दूध यावं पण पळू नये. अख्खं कणीस किसणीवर किसायचं, दाणे काढून मिक्सरमधून नाही. मिक्सरमध्ये लगदा होतो.

तूप सढळ. मोहरी-जिरं, हिंग जरा जास्त, हिरवी मिरची, आलं, हळद. कीस घालून मंद आचेवर परतायचं, खूप वेळ. हात दुखला पाहिजे. कच्चा वास गेला, कीस मोकळा व्हायला लागला की मग दूध, थोडं थोडं. आळलं की मीठ, किंचित साखर, लिंबू. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. सराफ्यात कढईच्या कडेला जी खरपूड धरते ती उलथन्यानं सोडवून मधे ढकलत राहतात, खरी चव त्यात. आपल्याला कढईची खरपूड द्या म्हणून सांगायचं, देतात.

डेट्रॉइटची_दुर्गा

दूध शेवटी!! मी आधी घालत होते. देशी मका इथे कुठून आणू?

अवंती

मेक्सिकन दुकान बघ ना. त्यांचा मका गोड नसतो, ते कणसं भाजून खातात. माझी बहीण टेक्सासला तिथूनच आणते.

काकडआरती

आमच्या घरचा किस्सा. सासूबाई एकादशीवाल्या. इंदूरला लग्नाला गेलो ती नेमकी एकादशी. रात्री सगळे सराफ्याला निघाले, त्या म्हणाल्या मी नुसती येते, पाय मोकळे करायला. तिथे साबुदाणा खिचडीचं दुकान. आपल्यासारखी तुपात जिऱ्यावर परतलेली नव्हे, वाफवलेला मोकळा साबुदाणा, प्रत्येक प्लेटला वेगळा कालवून देतात: मसाला, मिरची, लिंबू, शेंगदाणे, वर बटाट्याचा फराळी चिवडा.

सासूबाई पाच मिनिटं नुसत्या बघत. "हातानं कालवतोय." मग "हात धुतला का बघ." मग "त्यात हळद नाही ना विचार." मग "धने-बडीशेप उपासाला चालत नाही, मसाल्यात काय आहे?" त्या माणसानं शांतपणे दुसरा डबा काढून दाखवला, माताजी, ये फलाहारी. सैंधव आणि मिरीचा. त्यावर त्यांच्याकडे प्रश्न उरला नाही.

दोन प्लेटी खाल्ल्या. घरी आल्यावर म्हणतात, "साबुदाणा चांगला भिजला होता." आमच्या घरात ही सर्वोच्च पदवी आहे, मला तेरा वर्षांत दोनदा मिळालीय.

रतलामी_लवंग

तेरा वर्षांत दोनदा 😂 हात जोडले.

हरवलेली_छत्री

सगळे गोडगोड लिहितायत म्हणून माझं कडू. गेल्या हिवाळ्यात गेलो. शनिवार. गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही, माणूस चालत नाही, वाहतो. निम्म्या गाड्यांवर मोमो, चाऊमीन आणि जळतं पान. पानवाला पेटतं पान गिऱ्हाइकाच्या तोंडात कोंबतो आणि त्याच्यासमोर दहा जण मोबाइल वर करून उभे. मला मोमोचा राग नाही, पण मोमो खायला मी आठशे किलोमीटर का येऊ? एका ठिकाणी (नाव घेत नाही) मालपुवा मागितला, वरून तुपाऐवजी कसलं तेल लागलं तेच कळेना, दुसऱ्या दिवशी घसा बसला. बायकोचा चष्मा गर्दीत पडून फुटला तो वेगळा.

सराफपुत्र

@हरवलेली_छत्री, रागावू नका, आमच्याही घरात यावर भांडण असतं. सराफांनी अलीकडे ही खाऊची चौपाटी दुसरीकडे हलवा म्हणून मागणी केली होती, तुम्ही वाचलं असेल. गॅसच्या टाक्या, अरुंद गल्ली, वरती लाकडी माळे. आग लागली तर बंब आत यायचा कसा? १९८४ साली राजवाडा जळाला तो माझ्या वडिलांनी दुकानाच्या माडीवरून बघितलाय. सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. मागचा भाग गेला, दर्शनी भाग राहिला. त्यामुळे वडील म्हणतात हलवा. आणि हेच वडील रात्री अकराला म्हणतात, जा रे, ओट्यावर बघ गरम काय आहे.

माझं मत विचाराल तर जुने पदार्थवाले राहावेत, बाकी गर्दी कमी व्हावी. पण मी कोण ठरवणार. आणि शनिवारी जाऊ नका हो! मंगळवार-बुधवार, रात्री साडेदहानंतर.

टोपीवाला

सराफा स्वच्छ असतो हे कुणी लिहिलं नाही अजून. २०१७ पासून सलग कितीतरी वर्षं इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं आणि ते तिथल्या लोकांनी फार मनावर घेतलंय. मी द्रोण हातात घेऊन कचरापेटी शोधत होतो. सापडली नाही म्हणून एका ओट्याच्या कोपऱ्यात हळूच टेकवला. मागून आवाज: "अंकल, आपका कुछ गिर गया." वळून बघतो तर पाच-सहा वर्षांची मुलगी, हातात माझाच द्रोण. मला परत दिला. आणि बोटानं पेटी दाखवली, माझ्या बरोब्बर मागे होती.

मी ठाण्याचा आहे. इतकी शरम आम्हाला ठाण्यात कुणी वाटू देत नाही.

झोपमोड

इंदूरला पुण्याहून रात्रीची गाडी सोयीची की बस? डिसेंबरमध्ये आईबाबांना न्यायचंय. बाबांचा गुडघा.

चौथी_पोळी

गाडीच. खालचा बर्थ घ्या. ज्येष्ठ नागरिक म्हणून भरा.

खंडवा_जंक्शन

गुडघा असेल तर राजवाड्यापर्यंत रिक्षा जाते, पुढे चालावं लागतं. ओट्यावर बसायला देतात. मला देतात.

रंगपंचमी

मला लिहावं की नको कळत नव्हतं. गेल्या वर्षी याच दिवसांत बाबा गेले. त्यांचं शिक्षण इंदूरला, होळकर कॉलेजात. नंतर सगळं आयुष्य औरंगाबादेत, पण इंदुरी मराठी सुटली नाही. "काय करून राहिली तू?" "मी येऊन राहिलो." शाळेत मला लाज वाटायची, मैत्रिणी हसायच्या.

आजार कळल्यावर म्हणाले, एकदा सराफा. डॉक्टर नको म्हणाले होते, नेलंच. खाता काहीच येत नव्हतं त्यांना. दहीवड्यापुढे खुर्ची मिळाली, बसले. द्रोण वर गेला की मान वर, खाली आला की मान खाली. लहान मुलासारखं. पंचवीसेक द्रोण बघितले असतील. मी म्हटलं बाबा, एक चमचाभर दही तरी. तर म्हणे "मी जेवूनच तर राहिलो."

बस एवढंच.

काकडआरती

🙏

अवंती

रंगपंचमी, आता तू म्हणत जा 'येऊन राहिले'.

वऱ्हाडी_ठेचा

विषय हलका करतो. 'करून राहिलो' ही आमची नागपूर-वऱ्हाडची आहे, इंदूरवाल्यांनी उसनी नेलेली परत करावी.

मु_पो_देवास

या घ्यायला. जाताना रिकाम्या हातानं सोडत नाही आम्ही, लवंग शेव देऊ.

लिंबूटिंबू

पोरगं बरं आहे आता, लाह्यांचं पाणी लागू पडलं. @सांडगी_मिरची धन्यवाद. अनुभव लिहिणार होतो, पण थोडक्यात: सराफ्यात गरम गराडू घाईनं तोंडात टाकला, टाळूचं साल निघालं, पुढचे सहा पदार्थ बायकोनं खाल्ले आणि मला वर्णन करून सांगितले. संपला अनुभव.

ओसरीवरची

आईशी बोलले. बापरे.

आधी तिला तुमचं सगळं वाचून दाखवलं. रबडीवाल्या काकांपाशी थांबायला सांगितलं, पुन्हा वाचायला लावलं. मग गराडूचं विचारलं. म्हणाली, बरोबर आहे त्यांचं, मे महिन्यात कुठला गराडू. तू धाकट्या मावशीच्या लग्नाला आली होतीस थंडीत, तेव्हाचं आहे ते. मी म्हटलं, आणि मे महिन्यातलं? रोज रात्री खाकरायचे ते? म्हणाली, त्यांना खोकलाच होता गं. मे महिन्यात गच्चीवरून तुम्ही पडू नये म्हणून ते रात्री अंगणात बसायचे. मुलांना सराफ्याला एकदाच नेलं त्यांनी, लग्नाच्या आदल्या रात्री, घरात पाहुणे मावत नव्हते म्हणून. आजीनंच पाठवलं, आणि पैसेही तिनेच दिले.

मी गप्प. मग म्हणाली, "आणि मी पण होते की बरोबर. तुझ्या हातातला द्रोण सांडला होता माझ्या शालीवर. हिरव्या."

हिरवी शाल मला आठवते. ती कपाटात आहे. त्या शालीतली आई मात्र मला दिसत नाहीये, कितीही डोळे मिटले तरी.

पुडी आईनं मागितलीय. चाळून देते.

झोपमोड

@खंडवा_जंक्शन काका, तिकिटं काढली. खालचे दोन मिळाले.

डेट्रॉइटची_दुर्गा

मिळाली!! मेक्सिकन दुकानात, सालांसकट, पांढरी. सहा कणसं किसली, बोटाचं साल गेलं. दूध शेवटी. खरपूड धरली होती ती नवऱ्यानं विचारायच्या आत खाऊन टाकली. फोटो चढत नाहीये, उद्या बघते, कढई भिजत घातलीय.